खोकल्याचा शो

शेवट आधी सांगून टाकते. आमची मधुकुंज टॉकीज होळीनंतर पाडणार आहेत. तिथे दुकानांचे गाळे होणार. ती वाचणार नाही, आणि ती रिकामी पडायला जी सुरुवात झाली तिच्यात माझ्या एका पत्रकाचा हात होता. झालं. आता पुढचं निवांत वाचा.

ही पद्धत माझी नाही, नामदेव आप्पांची. आप्पा टॉकीचे डोअरकीपर. त्यांच्याकडे येतेच, पण आधी घसा.

नंदुरबारात मिरचीचा मोसम डोळ्यांना नंतर दिसतो, घशाला आधी कळतो. दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरवायचे असतात, आणि एका सकाळी दार उघडावं तर घशात काहीतरी बारीक अडकतं. पाणी प्यायलं तरी जात नाही. त्या दिवसापासून होळीपर्यंत सगळं गाव एका सुरात खाकरत असतं. गावाबाहेरच्या माळावर पथाऱ्या पडतात, नजर जाईल तिथवर वाळत घातलेली लाल मिरची. बाहेरगावचे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात. हल्ली वरून उडणारे कॅमेरेही आणतात. वरून म्हणे फार सुंदर दिसतं, लाल गालिचा आणि त्यावर ठिपके. ते ठिपके म्हणजे बायका. धडगावकडच्या डोंगरातून आलेल्या, दिवसभर उकिडव्या बसून मिरचीचे देठ खुडणाऱ्या, नाकातोंडावर ओढणीचा पदर बांधलेल्या. फोटोत खोकला येत नाही, हे फोटोचं मोठं सुख आहे.

मी चिडून लिहितेय असं वाटेल. चिडायची सवय आहे. गेली दहा-बारा वर्षं मी पत्रकं लिहिते. रस्ता, पाणी, रेशन, एसटी, शाळेतले मास्तर, नसलेले मास्तर. "जाहीर निषेध" हे शब्द मी झोपेतही शुद्ध लिहीन. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून मारलेला कचेरीचा निळा शिक्का घरात एवढ्या कागदांवर आहे की आई त्या गठ्ठ्यावर लोणच्याची बरणी ठेवते. खरं सांगायचं तर आता चिडतानासुद्धा दमायला होतं. आवाज चढवला की मध्येच वाटतं, हे वाक्य आपण मागच्या मोसमातही म्हटलं होतं.

यंदा घसा माळावर नाही, आमच्या गल्लीतच धरला. टॉकीच्या मागच्या भिंतीपाशी. तेव्हा कळलं, पाडायच्या आधी शेवटचा मोसम म्हणून मालक शेठनं टॉकीचा हॉल एका मिरचीच्या व्यापाऱ्याला दिला आहे. जिथे पिक्चर चालायचा तिथे आता पोती आहेत, आणि पोत्यांमध्ये बसून बायका देठ खुडतात.

त्या शेडचं नशीब असंच आहे. आधी ती कापसाच्या जिनिंगची शेड होती. मग हल्लीच्या शेठच्या वडिलांनी समोर पांढरी भिंत उभारली, पुढे बाकडी, मागे खुर्च्या, वर लाकडी बाल्कनी केली आणि तिला मधुकुंज नाव दिलं. ते नाव फक्त तिकिटावर होतं. गाव तिला टाकी म्हणायचं. "टाकीवर कोनता लागेल शे?" एवढंच.

आमचं घर तिच्या पाठीला पाठ लावून. मधली गल्ली इतकी अरुंद की टॉकीच्या झरोक्यांतून येणारा आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात. मी पिक्चर बघायच्या कितीतरी आधी ऐकले. मारामारी, पाऊस, कोर्ट, देवळातली घंटा. चेहरे नसलेली माणसं रडायची आणि आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "रडी ऱ्हायनी बिचारी. आते गानं व्हई." आणि खरंच गाणं व्हायचं.

मोसमात मात्र बाजाराच्या दिवशी, दुपारच्या शोला, पिक्चरच्या आधी वेगळाच आवाज यायचा. खोकल्याचा. दोन-अडीचशे माणसं एकदम खोकायची. वर पंख्यांची घरघर, आणि सगळ्यावर आप्पांचा आवाज, "झटका, झटका! पथारीनी मिरची पथारीवर ठेवा! पहिले खोकी ल्या, मंग पिच्चर!"

तो खोकल्याचा शो. बाजाराच्या दिवशी पथारीवर अर्धी सुट्टी असायची. बायका, त्यांचे नवरे, पोरं तशीच टॉकीवर यायची, कपड्यांत आणि केसांत मिरचीची धूळ घेऊन. हॉलमध्ये पंखा फिरला की ती धूळ उडणार आणि कुणाला काही ऐकू येणार नाही. म्हणून आप्पांची शिस्त होती. पहिली दहा मिनिटं चारही दारं सताड उघडी, पंखे पूर्ण वेगात. सगळ्यांनी उठून कपडे झटकायचे, हवं तेवढं खोकून घ्यायचं. मग पंखे बंद, दारं बंद, आणि पुढे कुणी पदर हलवायचा नाही.

त्यानंतर आप्पा पडद्यापुढे उभे राहायचे आणि पिक्चरचा शेवट सांगायचे. बायका आपसांत पावरी बोलणाऱ्या, पडद्यावर हिंदी, आणि मध्ये आप्पांची अहिराणी. त्यात डोंगरातली शेवटची गाडी पिक्चर संपायच्या आत सुटायची. ज्यांना घरी जायचं त्यांना उठावंच लागे. "आयकी ल्या," आप्पा म्हणायचे. "माय सापडस. धाकला भाऊ मरस, मोठा वाचस. मिशीवाला चोर शे, त्यान्हावर भरोसा ठेवू नका. आते निवांत देखा." आणि लोक निवांत बघायचे. मिशीवाला गोड बोलायला लागला की पुढच्या बाकड्यांवरून आरोळ्या उठायच्या. नायकाला जे शेवटच्या रिळात कळायचं ते या लोकांना पहिल्यापासून ठाऊक असे. त्यामुळे नायकाची त्यांना फार दया यायची.

सायकीबाईला मी पहिल्यांदा त्याच शोला पाहिलं. मी दहावीत होते, आईला न सांगता घुसले होते, आप्पांनी मला बायकांच्या बाजूला बसवलं. शेजारी सायकीबाई. उंच, हातात चांदीची जाड कडी, ओढणीच्या गाठीत फुटाणे, त्यातले मूठभर तिनं मला दिले. पडद्यावर माय आणि लेकरू एकमेकांना न ओळखता समोरासमोरून निघून गेले आणि मी रडायला लागले. रडता रडता पाहिलं तर सगळी रांग रडत होती, पण डोळे कुणीच पुसत नव्हतं. हात मांडीवर उताणे ठेवून बायका नुसत्या गळत होत्या. मी फुटाणे घेतलेला हात डोळ्याकडे नेला, तोच सायकीबाईनं मनगट धरलं.

"हात नको लावू. मिरची शे."

"माझ्या हाताला नाही."

"मन्हा फुटाणा खादात ना? मंग शे. वाहू दे."

हे मी त्या वयात विसरले. लक्षात राहिलं ते दुसरंच. शो सुटल्यावर झाडूवाला फिनाईलचं पाणी घेऊन हॉल धुवायचा. इतर कुठल्याही शोनंतर धुवायचे नाहीत. संध्याकाळच्या शोला गावातले लोक यायचे, खुर्ची रुमालाने पुसायचे आणि म्हणायचे, "आज त्या लोकांचा शो झाला वाटतं." आमच्या घरातही बाजाराच्या दिवशी आई म्हणायची, "टाकीमजार मिरचीवाल्या शेतस, खिडकी लाव." मी खिडकी लावायची.

कॉलेजात गेल्यावर मला शब्द सापडले आणि खिडकी लावणारा तो हात आठवून लाज वाटायला लागली. लाजेचं काय करायचं ते कळत नव्हतं. पत्रक लिहिता येत होतं. मी लिहिलं. "मिरची कामगारांसाठी वेगळा शो कशासाठी? त्यांच्यानंतर हॉल धुता, मग ही शिवाशीव नाही तर काय? सर्व शो सर्वांना खुले करा!" खाली सही, जागृत तरुण. आम्ही तिघं होतो. बाकी दोघांनी वाचून फक्त उद्गारचिन्हं वाढवली.

चिकटवायला खळ नव्हती. खळ कुणाकडे असते? टॉकीत. पोस्टर लावायला आप्पा मैद्याची खळ शिजवायचे, मोरचूद घालून, हिरवट. मी डबा घेऊन गेले.

"कसाले पाहिजे व पोरी?"

"कॉलेजचं आहे, आप्पा."

"कालेजनं शे तर घट्ट ली जाय. पातळ खळ लगेच सुटी जास."

त्यांनीच ढवळून दिली. त्याच खळीनं मी त्यांच्याच भिंतीवर पत्रकं लावली. घट्ट बसली. पावसाळ्यापर्यंत सुटली नाहीत.

पत्रक गाजलं. माझं एवढं गाजलेलं ते एकच. कचेरीतून कुणीतरी चौकशीला आलं, शेठ घाबरला, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी दारावर पाटी लागली, "वेगळा शो बंद. सर्व शो सर्वांसाठी." आम्ही तिघांनी पेढे वाटले. मी पाटीसमोर उभी राहून फोटो काढून घेतला. तो फोटो अजून आहे. हसतेय त्यात.

त्याच दुपारी बायका आल्या. पाटी वाचता येणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. दार बंद दिसलं. आप्पा पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले की आता संध्याकाळी यायचं, गावाबरोबर. बायका म्हणाल्या, संध्याकाळी गाडी कुठली? आणि चालत आलोय इतक्या लांब. तेव्हा आप्पांनी त्यांना पायरीवरच त्या आठवड्याच्या पिक्चरचा शेवट सांगितला. रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून. शेवट ऐकून त्या परत गेल्या. मी कोपऱ्यावर पेढ्याचा पुडा घेऊन उभी होते आणि मला वाटलं, संध्याकाळी येतील.

ज्या पथारीवरच राहायच्या त्या काही आल्या. एक आठवडा, दोन आठवडे. पंखे सुरू झाले, खोकला सुरू झाला. संध्याकाळच्या शोला आधी दहा मिनिटं दारं उघडून खोकून घ्यायची पद्धत नव्हती. कुणी त्यांना अडवलं नाही. कुणी काही बोललंही नाही. फक्त मागे वळून पाहिलं. बाल्कनीतून, खुर्च्यांवरून, पुन्हा पुन्हा. तिसऱ्या आठवड्यापासून त्या आल्या नाहीत. दारावरची पाटी मात्र तशीच राहिली. सर्व शो सर्वांसाठी.

टॉकी माझ्यामुळे बंद पडली असं मी म्हणणार नाही, एवढी मोठी मी नाही. मोबाईल आला, गावातल्या लोकांनी घरात मोठे टीव्ही घेतले, शेठच्या मुलाला धंदा नको होता. पण मोसमात भरायचा तो एकच शो होता, आणि तो गेल्यावर बाकी जायला फार दिवस लागले नाहीत. पत्रकातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. आजही मी त्यातलं एकही मागे घेणार नाही. हॉल धुणं शिवाशीवच होती. फक्त ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्यातल्या एकीलाही मी विचारलं नव्हतं. भिंतीपलीकडे होत्या. दर आठवड्याला खोकायच्या, ऐकू यायचं.

खूप नंतर कळलं की तो शो आप्पांनीच मागून घेतला होता. थोरल्या शेठला, हल्लीच्या शेठच्या वडिलांना, मिरचीवाल्यांना तिकीटच द्यायचं नव्हतं, संध्याकाळचं गिऱ्हाईक बिथरतं म्हणून. आप्पा म्हणाले, दुपारचा रिकामा शो द्या, मी सांभाळतो. म्हणजे एका बाजूनं पाहिलं तर बाहेर काढणं आणि दुसऱ्या बाजूनं पाहिलं तर आत घेणं. दोन्ही एकाच दारातून. हे पत्रकात कसं मांडायचं ते मला अजून जमलेलं नाही.

यंदा गावातल्या पोरांनी "टॉकी वाचवा" समिती काढली. गावाचा वारसा वगैरे. माझ्याकडे आले, "ताई, पत्रक तुम्हीच लिहा." मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुपारी उठून टॉकीत गेले. एवढे मोसम मी सायकीबाईला पथारीवर लांबून बघत आले. मास्क वाटायला गेले, माहितीचे फॉर्म भरायला गेले, तिचं नाव, गाव, कामाचे तास लिहून घेतले. जे सांगायचं होतं ते तेवढं राहिलं.

दार बंद होतं. आप्पा आता तिथे राखणदार आहेत. त्यांनी अर्धं उघडून मला आत घेतलं आणि परत लावलं. आत अंधार, झरोक्यांतून उन्हाच्या तिरक्या पट्ट्या, आणि त्या पट्ट्यांत उडणारी लाल धूळ. खुर्च्या कधीच गेल्या. पंखेही. पडद्याची भिंत मात्र होती, पोपडे धरलेली. तिच्याकडे पाठ करून पंधरा-वीस बायका देठ खुडत होत्या. मी दोन पावलं टाकली आणि खोकत खाली बसले.

"कोन शे?" सायकीबाईनं विचारलं. केस पांढरे झालेत. कडी तीच.

"फारमवाली," दुसरी म्हणाली. "आते काय लिखी ली जाशी व ताई? मन्हं वजन?" सगळ्या हसल्या.

मी म्हटलं, लिहायला आले नाही. आणि सांगून टाकलं. तो दुपारचा शो बंद झाला ते माझ्या पत्रकामुळे. मी लिहिलं होतं. आप्पांनाही सांगितलं, खळ त्यासाठीच नेली होती.

आप्पांनी मान वर केली नाही. "माले म्हाईत शे. गावमा हिरवी खळ दुसरा कोना घर व्हती?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू पेढा देवाले उन्थी. मी खादा."

सायकीबाई मात्र खुडायची थांबली होती. ती रागावेल असं वाटलं. रागावली असती तर बरं झालं असतं, मला रागाशी बोलता येतं. ती म्हणाली, "चांगलंच लिखं व्हई तू. पन आम्हले इचारं नही."

"नाही विचारलं."

"आते इचार."

मी विचारलं. टॉकी वाचवायची का? त्यांना हसू आलं. टॉकीचं काय करायचं, त्यांना होळीला घरी जायचं होतं. मग काय लिहू? सायकीबाईनं बंद दाराकडे बोट केलं. "हाई उघडाले लाव."

व्यापाऱ्यानं दारं बंद ठेवली होती, कारण आमच्या गल्लीनं तक्रार केली होती. धूळ घरात येते. तक्रारीच्या कागदावर आमच्या घराचीही सही होती. आईची. मला दाखवायची गरज तिला वाटली नव्हती. मी तर कायम दुसऱ्यांच्या तक्रारी लिहीत असते.

त्या संध्याकाळी मी पत्रक लिहिलं नाही. गल्लीतल्या नऊ घरांत गेले. आवाज चढवायचा नाही असं ठरवून गेले, दोन घरांत चढलाच. एका काकूंनी विचारलं, "तुला त्यांचा पुळका, मग आमच्या दम्याचं काय?" त्यांचा दमा खरा आहे. मी म्हटलं, दिवसभर नको, दुपारी दोन तास. त्या वेळी आपण खिडक्या लावू. आई पोळ्या लाटत होती. म्हणाली, "खिडकी तर मी पहिलेपासूनच लावस. माले काय इचारस?" आणि मग थोड्या वेळानं, लाटणं न थांबवता, "त्या दार लावीसन बठतस? आतमजार?" मी हो म्हटलं. तिनं तवा उतरवला आणि शेजारच्या काकूंकडे गेली. सात घरांनी हो म्हटलं. दोघांनी नाही. व्यापारी म्हणाला, भांडण माझ्या अंगावर येऊ देऊ नका, मग उघडा दोन तास.

एवढंच झालं. दोन तास. समितीच्या पोरांना मी पत्रक दिलेलं नाही, ती माझ्यावर नाराज आहेत. टॉकी पडेल.

काल दुपारी आप्पांनी चारही दारं सताड उघडली. बायका उठल्या, पदर झटकले. आप्पांना सांगावं लागलं नाही, पण सांगितल्याशिवाय त्यांना राहवलं नाही, "पहिले खोकी ल्या!" आणि सगळ्या खोकल्या, मीही. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी मागे वळून पाहिलं. समोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी बंद होती, ठरल्याप्रमाणे.

मी सायकीबाईशेजारी बसून देठ खुडायला लागले. तिनं माझ्या हातात मिरची उलटी दिली, कशी धरायची ते दाखवलं. मग आप्पांकडे न बघताच म्हणाली, "आप्पा, त्या दिनले तुम्हीन पायरीवर शेवट सांगा व्हता. बहीन घर येस, म्हातारा माफी मांगस. पिच्चर तर देखाच नही. मधलं सांगा."

"इतलं जुनं माले कसं याद ऱ्हाई व माय?"

"जे ऱ्हायनं ते सांगा."

आप्पा उठले. पोपडे आलेल्या भिंतीपुढे उभे राहिले, दोन्ही हात मागे बांधून, पूर्वी राहायचे तसे. घसा खाकरला. "बहीन घर सोडस," ते म्हणाले, "कसाले सोडस ते माले नक्की याद नही, पन चूक म्हाताराचीच व्हती." बायकांनी हुंकार दिला. मला काय झालं कळलं नाही, मी डोळ्याला हात लावला. मग ओरडलेच. दोन्ही डोळ्यांत आग, काही दिसेना, बायकांचं हसणं तेवढं ऐकू येतंय, आणि कुणीतरी माझं मनगट घट्ट धरून ठेवलंय, हातातल्या कड्याचा गार स्पर्श.

"पुसू नको," सायकीबाई म्हणाली. "वाहू दे. आप्पा, तुम्ही सांगा."

आप्पा सांगत राहिले. मी डोळे मिटून ऐकलं, लहानपणी ऐकायची तसं, चेहऱ्यांशिवाय.